मुलाविषयी शंका आली तर : कळविणे हे आपले कर्तव्य



आजच्या अभ्यासपाठाचा विषय जड आहे. घरी मुलांसमोर तो मोठ्याने वाचावा असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रत्येक घरातील मोठ्या माणसांनी तो एकदा शांतपणे वाचावा, अशी आमची विनंती आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही जो गप्प बसतो, तो आपल्या देशाच्या कायद्यानुसार स्वतः गुन्हा करतो. पुष्कळांना हे ठाऊक नाही. ‘आपण कशाला मध्ये पडायचे’ हे वाक्य आपल्या गल्लीत शहाणपणाचे समजले जाते. मुलांच्या बाबतीत ते शहाणपण चालत नाही.

एका निकालापासून सुरुवात

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी समाजातील अल्पवयीन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचा गुन्हा २०१९ मध्ये नोंदविला गेला. तपासात सतरा मुलींचा उल्लेख आला. वसतिगृहातील मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांवरही आरोप ठेवण्यात आला. त्यांनी अत्याचार केल्याचा हा आरोप नव्हता. मुलींना काय झाले आहे हे कळूनही त्यांनी पोलिसांना कळविले नाही, असा तो होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा तो आदेश बाजूला सारला. डॉक्टर दोषी की निर्दोष हे त्या निकालाने ठरविले नाही. तो खटल्याचा विषय आहे. परंतु न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली. अशा गुन्ह्याची वेळेवर माहिती देणे अत्यंत महत्त्वाचे आहे; ती दिली गेली नाही, तर ज्या हेतूने कायदा केला तो हेतूच विफल होतो.

हे समजणे अवघड नाही. माहिती लवकर मिळाली तर वैद्यकीय तपासणी वेळेत होते, पुरावा टिकतो, आणि आरोपीला दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचता येत नाही. गप्प राहिलेला प्रत्येक दिवस हा आरोपीला मिळालेला दिवस असतो.

कायदा काय सांगतो?

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे बालदिनी, अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. मुलग्यांवर अत्याचार होत नाहीत ही समजूत चुकीची असून कायद्याने दोघांनाही सारखेच संरक्षण दिले आहे.

या अधिनियमातील पुढील कलमे प्रत्येकाने लक्षात ठेवावीत.

१. कलम १९ : असा गुन्हा झाल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो होण्याची शक्यता ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना माहिती दिलीच पाहिजे. यात आई-वडील आले, शेजारी आले, शिक्षक, डॉक्टर, रिक्षावाले मामा, धर्मशिक्षण देणाऱ्या ताई आणि धर्मगुरूही आले.

२. कलम २१ : माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. एखाद्या संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालील माणसाने केलेला गुन्हा कळवीत नसेल, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड. बालकाला स्वतःला मात्र न कळविल्याबद्दल शिक्षा होत नाही.

३. कलम १९ मधील सातवे पोटकलम : सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पुढे चौकशीत काही निष्पन्न झाले नाही, तरी प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही.

४. कलम २२ : एखाद्याला बदनाम करण्यासाठी, धमकावण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी गंभीर गुन्ह्याची खोटी तक्रार केली, तर शिक्षा आहे. जागेच्या किंवा भाऊबंदकीच्या वादात मुलाला हत्यार करणाऱ्यांसाठी हे कलम आहे.

५. कलम २३ : प्रसारमाध्यमांनी बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, कुटुंबाची माहिती उघड करू नये. आपल्या मोबाईलवरील गटांनाही हीच शिस्त हवी. ‘न्याय मिळावा म्हणून’ मुलीचा फोटो पुढे पाठविणारा तिचे नुकसानच करतो.

‘कळले’ म्हणजे नेमके किती कळले?

हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. केरळमधील कन्नूर जिल्ह्यात कोट्टियूर येथील एका धर्मगुरूने अल्पवयीन मुलीवर अत्याचार केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये उघडकीस आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला शिक्षा झाली. ज्या रुग्णालयात त्या मुलीची प्रसूती झाली, तेथील डॉक्टरांवरही न कळविल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांना दोषमुक्त केले. रुग्णालयात मुलीचे वय अठरा असे नोंदविले होते, आणि गुन्हा झाल्याचे डॉक्टरांना माहीत होते असे दाखविणारा पुरावा नव्हता. स्वतः तपास करून माहिती शोधून काढण्याची सक्ती कायदा करीत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

राजुरा आणि कोट्टियूर हे दोन निकाल शेजारी ठेवले की अर्थ उलगडतो. आपल्याला गुप्तहेर व्हायचे नाही. परंतु मुलाने सांगितले, आपण पाहिले, किंवा समोर आलेल्या गोष्टींवरून मनात खरी शंका उभी राहिली, तर ‘खात्री करून घेऊ, मग बघू’ असे म्हणत बसायचे नाही. खात्री करणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. आपले काम कळविण्याचे.

मारहाण, उपासमार, टाकून दिलेले मूल

पोक्सो हा फक्त लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आहे. मुलाला चटके देणे, उपाशी ठेवणे, आजारी मुलावर उपचार न करणे, कोंडून ठेवणे यांसाठी बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आहे. त्याच्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला मारहाण केली, सोडून दिले किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेतील माणसाने हे केले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

अशी मारहाण शेजाऱ्याने कळविलीच पाहिजे, अशी पोक्सोसारखी स्पष्ट सक्ती या कायद्यात नाही. पण कोणीही कळवू शकतो, आणि कोणताही जागरूक नागरिक अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेऊ शकतो. जेथे कायद्याची सक्ती संपते तेथे आपल्या विवेकाची सुरू होते.

हरवलेल्या, टाकून दिलेल्या किंवा निराधार मुलाबाबत मात्र सक्ती आहे. कलम ३२ नुसार असे मूल ज्याला आढळले त्याने प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल हेल्पलाइन, पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळविले पाहिजे. न कळविल्यास कलम ३४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. एखादे बाळ सापडले म्हणून परस्पर कोणा निपुत्रिक जोडप्याला देणे, हेतू कितीही चांगला असला तरी, गुन्हा आहे.

आम्हा कोल्हापूरकरांना हे निराळे सांगायला नको. १९९६ साली उघडकीस आलेले गावित मायलेकींचे प्रकरण जुन्या मंडळींना आठवत असेल. गर्दीच्या ठिकाणांहून गरिबांची मुले पळवायची, चोरी करताना त्यांना ढालीसारखे वापरायचे आणि नकोशी झाली की ठार मारायचे, असे ते भयंकर प्रकरण होते. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. पुढे दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. बसस्थानकावर, महाद्वार रोडच्या गर्दीत, जत्रेत एखादे मूल एकसारखे रडत असेल आणि सोबतच्या माणसाजवळ जायला घाबरत असेल, तर दोन मिनिटे थांबून विचारपूस करायला काय हरकत आहे? शंका वाटली तर जवळच्या पोलिसाला सांगावे.

येथे एक सावधगिरीही हवी. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात. त्यांची लहान मुले फडाच्या कडेला धुळीत खेळताना दिसतात. ते आई-बाप निर्दय नसतात. त्यांना पर्याय नसतो. आई-वडिलांनी परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडले असेल, तर ते जाणूनबुजून केले असे मानू नये, असे कलम ७५ मध्येच म्हटले आहे. अशा ठिकाणी आधी मदतीचा हात द्यावा. अंगणवाडी आणि शाळेशी गाठ घालून द्यावी.

संस्थांवरील जबाबदारी

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेत बालवाडीच्या दोन मुलींवर तेथील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. २० ऑगस्ट रोजी हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि शाळेने पोलिसांना का कळविले नाही, हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. शाळेच्या विश्वस्तांवर गुन्हा नोंदला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांना अटक झाली. आरोपी त्याआधीच, २३ सप्टेंबर रोजी, पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला होता. त्यामुळे त्या दोन चिमुकल्यांच्या बाबतीत त्याचा गुन्हा न्यायालयात तपासला जाणे राहूनच गेले. रागावलेल्या जमावापेक्षा पहिल्याच दिवशी दिलेली साधी लेखी तक्रार मुलांच्या अधिक उपयोगी पडते, हे यातून शिकावे.

त्याआधी २५ एप्रिल २०१३ रोजी महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहे, बालगृहे आणि रुग्णालये यांच्या प्रमुखांना निर्देश दिले होते : अत्याचाराची माहिती मिळताच, पूर्ण गुप्तता राखून, ती पोलिसांना द्यावी, न कळविणे हा गंभीर गुन्हा समजावा. ‘आधी व्यवस्थापनाची बैठक घेऊ, आतल्या आत चौकशी करू’ या वाटेला कायद्यात जागा नाही. अंतर्गत चौकशी करायची तर करावी, पण ती पोलिसांना कळविण्याच्या ऐवजी नव्हे.

आपली ख्रिस्तसभा

हा पाठ दुसऱ्यांना शिकविण्यासाठीच आहे असे समजू नये. मुंबईत २०१५ साली एका तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याबद्दल एका कॅथोलिक धर्मगुरूला विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप सुनावली. हे लिहिताना आम्हाला दुःख होते. पण लपविल्याने ख्रिस्तसभेची अब्रू राहत नाही, आणि मुले तर त्याहून राहत नाहीत. प्रभू येशूने एका बालकाला शिष्यांच्या मध्यभागी उभे केले होते. आपण त्याला कडेला ढकलू शकत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये याविषयी नियम जारी केले आणि मार्च २०२३ मध्ये ते सुधारून कायमचे केले. त्यानुसार धर्मगुरू आणि व्रतस्थ यांना अशा प्रकरणाची माहिती धर्माधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. कळविणाऱ्याला गप्प राहण्याची अट घालता येत नाही. देशाच्या कायद्याने जे कळविणे भाग आहे ते या नियमांमुळे टळत नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे बिशपांना सांगितले म्हणून पोलिसांना सांगणे राहिले तरी चालते, असे नाही. धर्मग्रामातील कोणाविषयी, मग तो धर्मगुरू असो, शिक्षक असो वा गायनमंडळातील स्वयंसेवक, तक्रार असेल तर थेट पोलिसांकडे जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पापनिवेदनाचे काय, असे काहीजण विचारतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. पोक्सोच्या कलम १९ मध्ये धर्मगुरूंसाठी अशी सूट लिहिलेली नाही. या दोन कायद्यांमध्ये ताण आहे, आणि तो नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही गुप्तता धर्मगुरूला बांधते. पीडित मुलाला किंवा त्याच्या पालकांना नाही. कार्यालयात, फोनवर, घरभेटीत सांगितलेले पापनिवेदन ठरत नाही. आणि पापनिवेदनात एखाद्या मुलाने असे काही सांगितले, तर ‘हे तुझे पाप नाही, बाहेर मला किंवा आईला पुन्हा सांग’ असे धर्मगुरू त्याला धीर देऊन म्हणू शकतो.

मूल सांगू लागले तर

मुले सरळ सांगत नाहीत. एखाद्या काकांकडे जायला अचानक नकार देणे, अंथरूण ओले करणे, झोपेत दचकणे, लघवीच्या जागी दुखणे, अभ्यासातून मन उडणे, कोठून आले ते न सांगता येणारे पैसे किंवा खाऊ, अशा खुणांनी ते बोलते. यांतील एखादी खूण म्हणजे अत्याचारच असे नव्हे. पण लक्ष द्यावे.

१. शांतपणे ऐकावे. रडू नये, ओरडू नये, ‘तेव्हाच का नाही सांगितलेस’ असे म्हणू नये.
२. ‘यात तुझी काही चूक नाही, सांगितलेस ते चांगले केलेस’ एवढे जरूर म्हणावे.
३. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ते पाळता येणार नाही. ‘तुला मदत करतील त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे.
४. खोदून खोदून विचारू नये. दहा जणांपुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. मुलाने वापरलेले शब्द तसेच, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावेत.
५. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत, आणि मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. सीपीआर असो वा खाजगी दवाखाना, तातडीचे उपचार विनामूल्य देणे बंधनकारक आहे. आधी पोलिसांचा कागद आणा, असे म्हणता येत नाही.
६. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाऊन जाब विचारू नये. तो सावध होतो, आणि मुलावर दबाव येतो.

कोठे कळवावे आणि पुढे काय होते?

बाल हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाच्या महिला व बालविकास विभागामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. फोन विनामूल्य आहे आणि रात्रीही लागतो. तरीही पोक्सोचे कर्तव्य पूर्ण व्हायचे तर पोलिसांपर्यंत माहिती गेली पाहिजे. म्हणून शक्यतो पोलीस ठाण्यात जावे. घटना कोणत्याही हद्दीतली असो, नोंद घ्यावीच लागते. माहिती लिहून घेऊन, नोंद क्रमांक देऊन, ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. तो क्रमांक जपून ठेवावा.

त्यानंतर पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. कुटुंबाला सोबत करणारी सहायक व्यक्ती समिती देऊ शकते, आणि वकील हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येतो. व्यवहारात यांत उशीर आणि त्रुटी होतात. म्हणूनच कुटुंबाबरोबर ठाण्यात जाणारा, न्यायालयाच्या तारखेला बाकावर शेजारी बसणारा माणूस हवा असतो. तो आपण होऊ शकतो.

‘पण बदनामी होईल...’

घरातल्याच माणसाने अत्याचार केला असेल तेव्हा हा प्रश्न सर्वांत टोचतो. कमावता माणूस तुरुंगात गेला तर घर कसे चालणार? मुलीचे लग्न कसे होणार? आम्ही या भीतीला हलके मानत नाही. पण त्या घराचा हिशेब करताना मुलाचे नाव वहीत सर्वांत शेवटी येते, हे आपण पाहतोच. गप्प बसल्याने घर वाचले असे वाटते. प्रत्यक्षात त्या घरात एका मुलाला रोज त्याच माणसाबरोबर जेवायला बसावे लागते. म्हणून कळविण्याइतकेच नंतर आधार देणे हेही आपले कर्तव्य आहे. किराणा, शाळेची फी, राहायला जागा, आणि मुख्य म्हणजे कुजबुज न करणे. चर्चच्या पायऱ्यांवर त्या आईकडे वळून न पाहता तिच्या शेजारी बसणे एवढे तरी आपल्याला जमेल.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. शेजारच्या घरातील आठ वर्षांची मुलगी ‘दादा मला त्रास देतो’ एवढेच सांगून गप्प होते. आपण पहिल्या तासात काय कराल, आणि काय करणार नाही?
२. आपल्या धर्मग्रामात सहलीला, गायनसरावाला किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुले कोणाबरोबर एकटी असतात? त्यात काय बदल करता येईल?
३. तक्रार करणाऱ्या कुटुंबाला आपल्या समूहातून कोणती तीन प्रकारची मदत मिळू शकेल? ती कोण देईल, नावे ठरवा.

हा कागद घरी नेऊन १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्यावा. कधी वापरायची वेळ येऊ नये. पण आली, तर त्यांना तो आठवावा, आणि त्या वेळी आपण मोठी माणसे त्यांच्या बाजूला उभी असावीत.